मातीतली अफवा

संक्रांत उलटली, पहाटेची थंडी सैल झाली आणि मांदळवाडीच्या खोऱ्यात उन्हाळी काकडी, दोडका, कारलं सगळीकडे एकाच आठवड्यात पेरून झालं. काकडीचं बी आठवड्याच्या आत वर यायला हवं. दोन आठवडे उलटून गेले तरी एकाही रानात हिरवा ठिपका नव्हता.

प्रणिता तांबे आपल्या रानात मातीच्या उंच बेडच्या कडेला उकिडवी बसली आणि बोटानं माती बाजूला केली. बी लगेच सापडलं. ते कुजलेलं नव्हतं, मुंग्यांनी पोखरलेलं नव्हतं. तिनं नखानं टरफल सोललं. आतला गर पांढराशुभ्र आणि ओलसर होता. बी जिवंत होतं, फक्त उगवत नव्हतं.

"मेलंय ना?" मागून नवऱ्याचा आवाज आला. संकेत पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून आला होता.

"नाही. थांबलंय."

"कशासाठी थांबलंय? हवामानवाले म्हणतात, यंदा उन्हाळा साधारणच राहील. सकाळी अजून अंगावर जर्किन लागतंय. आणि तुझं बी थांबलंय म्हणे."

'तुझं बी' हे तो हल्ली म्हणायला लागला होता. तसं ते प्रणिताचं नव्हतंच. पण मांदळवाडीत ते तिनंच आणलं होतं. गावातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीची ती व्यवस्थापक होती. तिच्या शब्दावर खोऱ्यातल्या सगळ्यांनी जुनं बी सोडून 'सावध' पेरलं होतं.

'सावध' तिच्या मैत्रिणीनं बनवलं होतं. नसीम मुलाणी आणि ती कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात एका खोलीत राहायच्या. प्रणिता लग्न होऊन मांदळवाडीला आली, नसीम पुण्याला संशोधनात गेली.

नसीमची कल्पना मुळात साधी होती. रानटी झाडाचं बी नुसतं पाणी मिळालं म्हणून उगवत नाही. त्याच्या आत दोन रसायनांची ओढाताण चाललेली असते. एक त्याला थोपवून धरतं, दुसरं पुढे ढकलतं. दिवस बरे आहेत असं वाटलं की ढकलणारं जिंकतं. माणसानं शेती सुरू केली तेव्हापासून जे बी झटकन उगवतं तेच जपून ठेवलं. त्यामुळे हजारो वर्षांत पिकांचं बी थांबायचं विसरून गेलं. पूर्वी त्यानं फारसं बिघडत नव्हतं. पण आता उन्हाळ्यांचा भरवसा राहिला नव्हता. थंडी सरते न सरते तोच उष्णतेची लाट यायची आणि दोन पानांवर आलेली रोपं एका दुपारीत करपायची. नसीमच्या गटानं वेलभाज्यांच्या बियांना थांबायला पुन्हा शिकवलं. मातीत पडल्यावर हे बी काही रात्री वाट बघायचं. दिवसभर तापलेली माती रात्री किती निवते, किती उशिरा निवते, यावरून पुढच्या उष्णतेचा अंदाज येतो, कारण हवेच्या आधी तो मातीत उमटतो. माती नीट निवत असेल तर बी उगवायचं, नसेल तर दबा धरून बसायचं.

गेल्या वर्षी गावातल्या थोड्या रानांत 'सावध' होतं. बाकीच्यांची रोपं वर आली, हे बी थांबून राहिलं, लोक हसले. मग लाट आली आणि वर आलेलं सगळं जळालं. लाट गेल्यावर 'सावध' उगवलं, वेल मांडवावर चढले आणि त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या बाजारात काकडी फक्त मांदळवाडीची होती. यंदा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"रोहिदासशेठ पॅकहाऊसवर बोलावतायत," संकेत म्हणाला. "जागवणीचं विचारणार आहेत. मी तर म्हणतो, देऊन टाक."

*

पॅकहाऊस म्हणजे माल निवडून क्रेटमध्ये भरायची कंपनीची शेड. या दिवसांत ती रिकामी असायची. कंपनीचे अध्यक्ष रोहिदास डुंबरे एका पालथ्या क्रेटवर बसले होते. माणूस साठीचा, बोलणं सावकाश. त्यांच्याभोवती वीसेक जण उभे होते आणि कुणीच सावकाश बोलत नव्हतं.

"प्रणिता," रोहिदासशेठ म्हणाले, "शुक्रवारी कालवा बंद होतोय. पुढचं आवर्तन कधी, ते कुणी सांगत नाही. तोवर बी वर आलं, तर विहिरींच्या पाण्यावर वेल जगवू. नाही आलं, तर कोरड्या मातीत बी भाजून निघंल. जागवणीचे ड्रम गोदामात आहेत. किल्ली तुझ्याकडं आहे."

जागवणी म्हणजे बियाला जबरदस्तीनं उठवणारं औषध. ढकलणारं रसायन पाण्यातून इतकं द्यायचं की थोपवणाऱ्याचं काही चालू नये. नसीमच्या संस्थेनं ते अडीअडचणीला म्हणून बियांसोबत दिलं होतं.

"शेठ, जागवणीनं उठवलेलं रोप कसं येतं ते मी बघितलंय," प्रणिता म्हणाली. "सुतासारखं लांब वाढतं आणि आडवं पडतं. निम्मी रोपंसुद्धा हाती लागणार नाहीत."

"निम्मी तरी येतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि खरंच लाट येणार असली तर? मग निम्मीही जळतील. पुन्हा पेरायला बी नाही. जुनं बी कुणी ठेवलंय का घरात?"

कुणी ठेवलं नव्हतं.

"लाट येणार, हे कशावरून?" संकेतनं विचारलं. सगळ्यांसमोर त्यानं बायकोला असं कधी अडवलं नव्हतं. "बियाला कळतं आणि हवामान खात्याला कळत नाही? तुझ्या मैत्रिणीला तरी कळतंय का? तिला विचारलंस?"

"विचारलंय. ती मातीचे आकडे तपासतेय."

"तपासू दे. शुक्रवारपर्यंत ती तपासत बसेल आणि आपण आकाशाकडं बघत बसू."

रोहिदासशेठ उठले. "बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबू," ते म्हणाले. "गुरुवारी सकाळी मात्र गोदाम उघडायचं. तू नाही उघडलंस तर आम्ही उघडू. राग मानू नकोस."

घरी जाताना संकेत चार पावलं पुढेच चालत राहिला. तो चिडला की जोरात बोलायचा, हे तिला माहीत होतं. आज तो चिडला नव्हता. त्याला कसली तरी घाई झाली होती आणि ती घाई तिला ओळखता येत नव्हती.

*

नसीमचा फोन त्याच शनिवारी दुपारी आला.

"प्रणिता, तुमच्या खोऱ्यातले मातीचे आकडे बघितले. माती चांगली निवतेय. माझ्या हिशेबानं बी केव्हाच वर यायला हवं होतं."

"मग?"

नसीमनं आधी उलटा प्रश्न केला. "तुला आठवतं, पहिल्या चाचणीत शेतकऱ्यांची तक्रार काय होती? एकाच बेडमधलं अर्धं बी आज उगवतं, अर्धं आठ दिवसांनी. तोडणीचा मेळ बसत नाही. म्हणून आम्ही बियांना एकमेकांचा अंदाज घ्यायला शिकवलं. थांबलेलं बी एक वायू सोडतं, अगदी थोडा. आपल्या नाकाला तो येत नाही. शेजारच्या बियाला तो लागला की तेही थांबतं. सगळा बेड एका वेळी थांबतो, एका वेळी उगवतो."

"हे मला माहीत आहे. हातभर अंतरापर्यंत जातो म्हणाली होतीस."

"चाचणीच्या रानात तेवढाच जायचा. बांधापाशी विरून जायचा. पण तुमच्याकडे बांधापलीकडेही 'सावध'च आहे. त्याच्या पलीकडेही तेच. ज्याला निरोप मिळतो ते बी तोच निरोप स्वतः पुढे सोडतं. मग तो विरणार कुठे?" तिचा आवाज उतरला. "आणि आम्ही थांबायच्या निरोपाला जास्त वजन दिलं होतं. उगाच थांबलं तर नुकसान थोडं, उगाच उगवलं तर सगळंच गेलं, असा विचार केला होता. एखाद्या कोपऱ्यातलं बी खरंच घाबरलं असेल तर त्याचं ऐकून आख्खं खोरं थांबू शकतं."

"म्हणजे अफवा."

"हो. पण ती अफवा आहे की खरी सूचना, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. तिथं बघावं लागेल."

काय करायचं ते नसीमनं सांगितलं. प्रणितानं घरातल्या आणि शेजारच्या काचेच्या बरण्या गोळा केल्या. वेगवेगळ्या रानांत जाऊन तिथली माती उन्हात पसरली, तिच्यातला वायू निघून जाऊ दिला. तिथलंच बी उकरून धुतलं, बरणीतल्या मातीत ठेवलं, घट्ट झाकण लावलं आणि बरणी त्याच बेडमध्ये गळ्यापर्यंत पुरली. बाहेरची उष्णता काचेतून आत जाईल, पण बाहेरचा वायू जाणार नाही. बरणीतलं बी फक्त स्वतःला जाणवेल तेवढ्यावरच ठरवेल.

वरच्या अंगाला, उताराच्या माथ्यावर, तिच्या थोरल्या जावेचं रान होतं. उर्मिलाताईंचा नवरा विलास तीन वर्षांपूर्वी गेला. वाटणी झाल्यावर त्यांनी आपल्या हिश्शाचं रान यंदा पहिल्यांदाच एकटीनं केलं होतं. प्रणिता बरणी घेऊन आली तेव्हा त्या ठिबकच्या नळ्या सरळ करत होत्या.

"इथंही पुरायची का?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडेच पुरतेय, ताई."

"पूर. माझं बी आलं नाही म्हणून मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. नंतर कळलं, कुणाचंच आलं नाही. वाईट आहे, पण खरं सांगू, जरा बरं वाटलं." त्या हसल्या. प्रणितालाही हसू आलं.

*

बुधवारी सकाळी नसीम गाडी घेऊन आली. केस पांढरे झाले होते, रात्रभर झोप नसावी. दोघी एकेक रान करत बरण्या बघत निघाल्या.

नदीकाठच्या रानातल्या बरणीत माती फुगली होती. तिच्यातून वाकलेल्या मानेची तीन रोपं वर येत होती. बरणीच्या बाहेर, त्याच बेडमध्ये, काहीच नव्हतं. पुढच्या रानात तसंच, रोहिदासशेठांच्या रानात तसंच, प्रणिताच्या स्वतःच्या रानातही तसंच. नसीम प्रत्येक बरणीपाशी वाकायची, रोपं मोजायची आणि पुढे जायची. शेवटी तिनं प्रणिताचा हात धरला.

"अफवाच आहे," ती म्हणाली. "लाट येत नाहीये."

राहिली होती फक्त माथ्यावरची बरणी. उर्मिलाताई घरी गेल्या होत्या. प्रणितानं बरणी बघितली. माती सपाट होती. एकही बी हललं नव्हतं.

नसीमनं तापमापक बेडमध्ये खुपसला आणि आकडा बघून पुन्हा दुसरीकडे खुपसला. प्रणितानं नुसता हात मातीत घातला. माती कोमट होती, ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखी. हात बाहेर काढला तेव्हा नाकाला झोंबणारा वास आला. तो तिला चांगला ओळखीचा होता. रोज सकाळी त्याच वासात ती अंडी गोळा करायची.

"कोंबडखत," ती म्हणाली.

"कच्चं," नसीम म्हणाली. "मातीत घातल्यावर कुजतंय, म्हणून तापतंय. या बियांना वाटलंय, असा उन्हाळा कधी झालाच नाही. त्यांचं चुकलं नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं, पण ते फक्त इथलं खरं होतं. मग एका रानातून दुसऱ्यात, बांधाबांधानं निरोप खाली गेला."

उपाय नसीमकडे होता. या रानातली वरची माती बियांसकट काढून खोऱ्याच्या बाहेर न्यायची. आणि खोऱ्यातल्या प्रत्येक रानात वरचा थर हलक्या हातानं खरवडून मातीतली हवा मोकळी करायची. दिवसभर बियांपर्यंत निरोप पोचला नाही की ती आपापल्या अंगानं ठरवतील. पण हे सगळं एकाच दिवशी व्हायला हवं. एकानं जरी आपलं रान तसंच ठेवलं, तर तिथून तो निरोप पुन्हा पसरेल.

"उद्याच करावं लागेल," प्रणिता म्हणाली. "परवा शेवटचं पाणी फिरायच्या आत."

"लोक ऐकतील?"

प्रणितानं हाताची माती झटकली. गावात कोंबड्यांची शेड एकच होती.

*

संकेत शेडमध्ये खाद्य ओतत होता. तिनं माथ्यावरच्या मातीचं सगळं सांगून विचारलं तेव्हा त्यानं घमेलं खाली ठेवलं नाही.

"वहिनींनी खत मागितलं, मी दिलं."

"कच्चं होतं."

"मला वाटलं, पेरणीपर्यंत कुजेल."

"आपल्या रानात जुन्या ढिगातलं घातलंत. कुजलेलं. त्यांना नव्या ढिगातलं दिलंत."

"जुनं आपल्यालाच पुरेल एवढं होतं." आता त्यानं घमेलं ठेवलं. "मुद्दाम नाही केलं, प्रणिता. ट्रॉली भरायची होती, नवा ढीग दाराशीच होता. एवढंच. आणि त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊजी, बरं झालं."

"त्यांना कुठं माहीत होतं?"

तो पोत्याचं तोंड बांधू लागला. कोंबड्यांचा कलकलाट चालू होता.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"बी आलं नाही तेव्हा वरती जाऊन हात घालून बघितला. माती गरम लागली. पण बाकीच्या रानांतल्या बियाशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. फक्त वहिनींचं बी जाईल, म्हटलं. सगळ्या खोऱ्याचं कसं थांबलं, ते मला आत्ता तुझ्याकडून कळतंय."

"म्हणून जागवणीची घाई होती."

"जागवणी दिली असती तर त्यांचंही आलं असतं. कसं का असेना, आलं असतं."

ते खरं होतं, एवढं तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. म्हणून तिला जास्तच राग आला.

"उद्या सकाळी सगळ्यांना सांगावं लागेल," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. नुसतं एवढंच सांगा की नव्या ढिगातलं गेलं, चूक झाली."

"आणि मग? उद्यापासून हा संकेत तांबे, ज्यानं विधवा भावजयीला कच्चं खत दिलं आणि गावाचा उन्हाळा घालवला. तुला माहीत नाही इथले लोक?" त्यानं घमेलं पुन्हा उचललं. "रान कुणाचं ते सांगू नकोस. जागा तापलीय एवढं सांग. कशानं तापली, कुणी विचारणार नाही."

"विचारतील."

"मग बघू."

*

गुरुवारी सकाळी पॅकहाऊस गच्च भरलं होतं. गोदामाचं कुलूप तोडायला आणलेली पहार दाराशी टेकवून ठेवली होती. नसीम पुढे उभी राहिली आणि तिनं काही न लपवता सांगितलं. बी एकमेकांचं ऐकतं, तसं आम्हीच त्याला शिकवलं, खोरंभर एकच बी असेल तर काय होईल याचा विचार आम्ही पुरेसा केला नाही. लोक तिच्यावर ओरडले. ती ऐकून घेत राहिली. मग प्रणितानं रोपं आलेल्या बरण्या क्रेटवर मांडल्या आणि एकेकाला आपापल्या रानाची बरणी दाखवली. ओरडणं हळूहळू थांबलं. आपल्या मातीतलं आपलं रोप हातात आल्यावर माणसं बोलायची थांबतात.

"एकाच दिवसात, सगळ्यांनी," रोहिदासशेठ म्हणाले. "जमवू. पण सुरुवात कुठून झाली?"

"माथ्यावरून," प्रणिता म्हणाली. "तिथली माती तापलीय."

"माथ्यावर कुणाचं रान?" एकानं विचारलं. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. माना मागे वळल्या. उर्मिलाताई शेडच्या खांबापाशी, बायकांमध्ये उभ्या होत्या.

"माती आपोआप तापत नाही," दुसरा म्हणाला. "काय घातलंस गं, उर्मिला?"

"एकटीनं करायला गेलं की असं होतं. कुणाला विचारायचं तरी."

"तिच्या एका रानापायी सगळ्यांचं..."

उर्मिलाताईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी संकेतकडे पाहिलंही नाही. "खत घातलं होतं," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाही. माझंच..."

प्रणितानं संकेतकडे बघितलं. तो दाराशी, पहारीच्या शेजारी उभा होता आणि बाहेर बघत होता. तिनं मनात म्हटलं, आता. तो हलला नाही. तिनं आणखी एक श्वास वाट बघितली.

"खत आमच्या शेडमधलं होतं," ती म्हणाली. "कच्चं होतं. ह्यांनी दिलं. ताईंना ते कच्चं आहे हे माहीत नव्हतं, ह्यांना माहीत होतं."

संकेत वळला, त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि तो बाहेर निघून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

रोहिदासशेठांनी घसा साफ केला. "बोलणं नंतर," ते म्हणाले. "आता आपापल्या रानात चला. आणि ती पहार कुणीतरी उचलून न्या तिथून."

*

त्या दिवशी मांदळवाडीत घरात कुणी राहिलं नाही. दाताळी, खुरपी, ज्याला जे मिळालं ते घेऊन माणसं बेडवर वाकली. बोटभर खालच्या बियांना धक्का न लावता वरची माती मोकळी करायची म्हणजे ट्रॅक्टरचं काम नव्हतं. शाळा लवकर सुटली. पुण्यात नोकरीला असलेली दोन-चार पोरंसुद्धा फोन गेल्यावर आली. सगळ्यात जास्त धास्ती एकच होती, कुणाचं रान सुटलं तर. प्रणिता आणि नसीम बांधाबांधानं फिरत होत्या. एक रान तसंच पडलेलं दिसलं. मालक मुंबईला होता. शेजाऱ्यानं आपलं अर्धं सोडून ते आधी पुरं केलं, मग परत येऊन आपलं संपवलं.

माथ्यावरची माती काढायला ट्रॅक्टर लागणार होता. दुपारी प्रणिता वर पोचली तेव्हा तिथं ट्रॅक्टर चालू होता. संकेत तो चालवत होता. ब्लेडनं माती ओढायची, ट्रॉलीत भरायची, खोऱ्याबाहेरच्या पडीक खाणीत टाकून यायची, अशा त्यानं किती खेपा केल्या असतील ते चाकांच्या खुणांवरून दिसत होतं. प्रणिता बांधावर उभी राहिली. तो तिच्या बाजूनं गेला, परत आला, पुन्हा गेला. एकदाही मान वळवली नाही.

उर्मिलाताई बांधावर बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी रान खरवडून उघडं पडलं होतं. आता तिथं पेरायला बी नव्हतं आणि पेरण्याजोगी मातीही नव्हती.

"ताई," प्रणिता म्हणाली.

"तू चांगलं केलंस, असं सगळे म्हणतील," उर्मिलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण मला एकदा विचारायचं होतंस. मी घेतला असता दोष. दोन दिवस बोलले असते लोक, मग विसरले असते. आता भाऊजी माझ्या दारात पाय ठेवणार नाहीत. पाण्याची पाळी, मोटर, बाजारात माल नेणं, सगळं मला त्यांच्याकडूनच करून घ्यायचं असतं. ते तुला नाही कळायचं."

"तुमच्यावर खोटं येत होतं."

"येत होतं ना. माझ्यावर येत होतं, तुझ्यावर नाही."

प्रणिता त्यांच्या शेजारी बसली. त्या उठून गेल्या नाहीत, एवढंच.

शुक्रवारी कालव्याचं शेवटचं पाणी सगळ्या रानांत फिरलं. मग वाट बघणं आलं. रविवारी काही नव्हतं. सोमवारी सकाळी नदीकाठच्या एका बाईनं हाक मारली. बेडच्या मधोमध माती तडकली होती. दुपारपर्यंत वरच्या रानांतूनही फोन येऊ लागले. बुधवारी बांधावर उभं राहिलं तर काळ्या मातीवर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा दूरपर्यंत दिसत होत्या. नसीमनं त्यांचे फोटो काढले. जाण्याआधी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी त्यांचं हे एकमेकांचं ऐकणं काढून टाकते."

"सगळंच नको काढूस," प्रणिता म्हणाली. "गेल्या वर्षी बेडच्या बेड थांबून वाचले ते त्यामुळेच."

"मग किती ठेवू?"

प्रणिता वाकली आणि एका रोपाभोवतीची माती बोटानं सारखी केली.

*

वेल मांडवाला लागले, पहिली काकडी तोडून झाली. संकेत शेडमध्येच झोपायचा. जेवायला घरी यायचा, ताट पुढे आलं की जेवायचा. कामाचं बोलायचा. एकदाच म्हणाला, "मला विचारून सांगायचं होतंस." ती म्हणाली, "विचारलं होतं. आदल्या दिवशी." त्यावर तो उठून हात धुवायला गेला. गावात त्याला कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण पारावर तो गेला की बोलणं बदलायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. उर्मिलाताईंचं रान उघडंच पडून होतं. त्या बाकीच्यांच्या तोडणीला रोजानं जात होत्या.

चैत्रातल्या एका सकाळी दारात जीप थांबली. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून दोन माणसं आली होती, एक वयस्क आणि एक संकेतच्या वयाचा. त्यांनी उशिरा पेरलेलं 'सावध' थांबलं होतं. रोहिदासशेठांनी त्यांना इकडे पाठवलं होतं. प्रणिता आत चहा टाकत होती. संकेत अंगणात होता. ती बाहेर येणारच होती, पण त्याचा आवाज ऐकून दाराशी थबकली.

त्यानं बरण्या कशा पुरायच्या ते सांगितलं. सगळी रानं एकाच दिवशी का खरवडायची ते सांगितलं. एकही सोडायचं नाही, हे दोनदा सांगितलं. वयस्क माणूस मान डोलवत होता.

"पण सुरुवात कुठून झाली ते शोधायचं कसं?" त्यानं विचारलं. "आमच्याकडं कुणी कबूल करणार नाही. सगळे म्हणतात, माझ्या रानात काही नाही."

संकेतनं एकदा माथ्यावरच्या रानाकडे बघितलं.

"आमच्याकडे मी होतो," तो म्हणाला. "भावजयीला कच्चं खत दिलं होतं. माहीत असून दिलं. आणि कळल्यावरही बोललो नाही. बायकोला सांगावं लागलं."

दुसरा, संकेतच्या वयाचा, इतका वेळ जीपला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली.

"नाना, आपण माझ्या रानापासून सुरुवात करू," तो म्हणाला. "मी भट्टीची राख टाकलीय. गरमच टाकली होती."

प्रणिता चहाचे कप घेऊन बाहेर आली. संकेतनं तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "वहिनींनाही बोलव. दुपारी त्यांच्या रानात गाळाची माती पसरून भेंडी टोकायची आहे. मी बी आणलंय."